कुजबुजमावशीचं स्वयंपाकघर

त्या इमारतीतली स्वयंपाकघरं पाहुण्यांना मुद्दाम दाखवली जात. ओटे इतके लख्ख, की चुकून एखादा चमचा वर राहिला तर त्यानेच ओशाळून खणात जाऊन झोपावं. चहा करायचा तर आधी किटली शोधायची, कारण किटली उघड्यावर दिसणं हे आता बेशिस्तीचं लक्षण ठरलं होतं. मीठ कुठे आणि साखर कुठे, हे घरातलेच एकमेकांना विचारत आणि एखाद्या दिवशी विचारायचं राहून जाई, तेव्हा चहा खारट होई.

ही साथ तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंनी आणली. त्यांनी कुठलंसं शिबिर केलं, घरी येऊन खण उपसले आणि जिन्यात भेटेल त्याला गाठून उपदेश सुरू केला. “ओटा रिकामा, की डोकं रिकामं!” असं त्या म्हणत. ओट्यांना वेळ लागला. डोक्यांचं काम आधीच उरकलेलं होतं.

गंमत अशी, की या मोकळ्या घरांच्या मोकळ्या माणसांपैकी एकालाही काही टाकता येत नव्हतं. आत्याने दिलेलं पातेलं कचऱ्यात टाकलं तर मन खाणार, फडताळात ठेवलं तर शेजारीण बघणार. मग त्यांनी एक सोपी वाट काढली. ती जिना उतरून थेट तळमजल्यावर, कुजबुजमावशीच्या दारात जात होती.

कुजबुजमावशी म्हणजे नाट्यगृहातली प्रॉम्प्टर. सारा जन्म तिने विंगेतल्या अंधारात, मोडक्या स्टुलावर, मांडीवर संहिता आणि हातात बोटाएवढी विजेरी घेऊन काढला. नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानात टाकायचा, तोही असा की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. फार नाजूक काम. नट शब्द विसरतो तो एकदम विसरत नाही. आधी तो अर्धा श्वास घेतो आणि तिथेच अडकवून ठेवतो. मग त्याची नजर वर, छताच्या कोपऱ्यात जाते, जणू त्याचं वाक्य तिथे वाळत घातलंय. मावशीला तो अर्धा श्वास ऐकू यायचा. शांतता पडायच्या आत तिचा शब्द पोचलेला असायचा. प्रेक्षकांना कधी कळलं नाही आणि नटांनी कधी सांगितलं नाही.

काय काय लोक होते त्या काळी! एक होते, आवाज असा की खुर्च्या थरथराव्यात. अंगावर भरजरी झगा, डोक्यावर मुकुट, आणि दोन पावलं पुढे येऊन गर्जना करायचे, “मी या राज्याचा…” की संपलं. विंगेतून मावशी म्हणायची, “राजा.” आपण राजा आहोत हेसुद्धा त्या माणसाला रोज रात्री सांगावं लागे. टाळ्या त्याला, गुच्छ त्याला. पण खेळ संपला की तो मुकुट काखेत मारून विंगेत यायचा आणि गुच्छातलं एक फूल तिच्या विजेरीपाशी ठेवून जायचा. अशी फुलं वाळवून ठेवण्यातली ती नव्हती. दुसऱ्या दिवशी झाडूवालीला देऊन टाकायची.

पुढे नाट्यगृहाचं फर्निचरचं दुकान झालं. जिथे राजे मेले तिथे सोफे आले. मावशी घरी बसली आणि तिच्याबरोबर तिची सवयही घरी बसली. समोरच्याने वाक्य अर्धवट सोडलं की पुढचा शब्द मावशीच्या तोंडून निघून जायचा. वाक्य आपलं की परक्याचं, आपल्या फायद्याचं की तोट्याचं, हे बघायची तिला शिकवणच नव्हती. प्रॉम्प्टरने नाटक कुणाच्या बाजूचं आहे ते बघायचं नसतं.

इमारतीने हे फार लवकर ओळखलं. एखादी सूनबाई यायची, काखेत तंगडी मोडलेला फूड प्रोसेसर.

“मावशी, हे जरा… म्हणजे काय झालंय, आमच्याकडे आता…”

“जागा नाही,” मावशी म्हणायची.

“हो ना! मग वाटलं, तुमच्याकडे…”

“ठेवावं.”

“किती हो समजून घेता तुम्ही!”

झाला प्रयोग. पडदा. फूड प्रोसेसर मावशीच्या खिडकीत आणि सूनबाई हात झटकत वर.

असं करता करता मावशीच्या स्वयंपाकघराचं इमारतीचं पोट झालं. वरच्यांनी खायचं आणि पचवायचं हिने. खरं तर तळमजल्यावरचं ते स्वयंपाकघर चांगलं ऐसपैस, मोठ्या खिडकीचं. पुढची खोली म्हणजे नुसती बोळ, तिच्यात मावशीची खाट आणि मावशी, एवढंच मावायचं. आणि या ऐसपैस जागेत आता काय नव्हतं? एकाच जातीचे तीन टोस्टर होते, तिघेही पाव जाळणारे. झाकणं होती ज्यांची भांडी वर कुणाकडे तरी होती, आणि भांडी होती ज्यांची झाकणं देवाला ठाऊक. पहिल्याच महिन्यात बंद पडलेलं रस काढायचं यंत्र, पाहुण्यांसाठी म्हणून कधीच न वापरलेले काचेचे पेले, आणि घटस्फोटाच्या वेळी दोघांनाही नको असलेला एक बारा माणसांचा डिनर सेट. शेगडीच्या चार तोंडांपैकी तीन तोंडांवर लोकांची पातेली बसलेली. चौथ्यावर मावशी स्वतःचं सूप करायची आणि भाजी मांडीवर ताट घेऊन चिरायची. वरून दंतवैद्यबाई कधी डोकावल्या तर हळहळायच्या, “मावशी, तुम्ही पण जरा आवरायला घ्या हो. पसारा फार झालाय.” त्यांचंच केक फेटायचं यंत्र तेव्हा त्यांच्या कोपराला टोचत असायचं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण दुसऱ्या गावाहून मावशीच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

थोरलीने उमेदीत धुलाईचं दुकान चालवलं होतं. वाफेच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, ती दुकान गेल्यावरही सुटली नाही. न्हाणीघरात पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती आता वॉकर धरून चालत होती.

“धाकटे, ऐक. तुझा भाचा मला टाकतोय. त्या हिरव्या भिंतींच्या घरात. बघून आले मी. तिथे सगळ्यांना एका वेळेला उठवतात, एका वेळेला झोपवतात आणि सगळ्यांशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलतात. एका पोरीने माझा गाल धरला. माझा! तुझ्याकडे एक खाट मावेल का, एवढंच सांग.”

“मावेल की,” मावशी म्हणाली.

“नक्की? रविवारी तो स्वतः जागा बघायला येणार आहे, मला घेऊनच. जागा दिसली नाही तर गाडी तिथूनच परस्पर हिरव्या भिंतींकडे वळवणार, असं साफ सांगितलंय त्याने.”

फोन ठेवून मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. खाट सोडाच, मांजराला अंग चोरल्याशिवाय फिरता आलं नसतं.

तिने पदर खोचला. केक फेटायचं यंत्र उचललं आणि जिना चढली. कठड्याला धरून, मध्ये दम खात. मनाशी एकच वाक्य घोकत होती : “हे तुमचं, तुम्हीच ठेवा.” आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं वाक्य पाठ करत होती बिचारी.

दंतवैद्यबाईंनी दार उघडलं. “अय्या, मावशी! हे काय, परत आणलंत? अहो, हे तर आमच्या…”

अर्धा श्वास. नजर छताच्या कोपऱ्यात.

“लग्नातलं,” मावशी म्हणाली. जीभ चावेपर्यंत शब्द गेलाही होता.

“लग्नातलं! म्हणून तर टाकवत नाही हो. आणि इथे ठेवलं तर बघा, सगळा…”

“ओटा भरतो.”

“बघा! तुम्हीच म्हणताय!” दंतवैद्यबाईंचा चेहरा उजळला. “थांबा, आलाच आहात तर ही चाळणी पण न्या. एका हातात राहील तुमच्या.”

दुसऱ्या मजल्यावर वकील राहायचे. त्यांचं सूपचं पातेलं घेऊन मावशी गेली ती मोठ्या आशेने. बोलण्यावर पोट भरणारा माणूस, तो कशाला अडखळतोय? पण फुकट बोलायची वेळ आली की त्यांनाही शब्द सापडत नसावेत. “असं बघा मावशी, पातेलं आमचं होतं, हे मी नाकारत नाही. पण इतकी वर्षं ते तुमच्या ताब्यात आहे. तेव्हा रीतीने पाहता ही वस्तू आता…”

“माझी,” मावशी म्हणाली.

“वा! मिटलंच मग.” वकिलांनी हसत हसत दार लावून घेतलं. मावशी जिन्यात उभी राहिली, हातात स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या नावावर करून घेतलेलं पातेलं.

संध्याकाळी थोरलीचा फोन. “किती गेलं?”

“एक चाळणी वाढली.”

मावशीने झालेलं सगळं सांगितलं. पलीकडून वाफेच्या यंत्रावरचा तो जुना आवाज आला.

“अगं ए शहाणे! ते खोटं बोलायला जातात, त्यांना खोटंही धड सुचत नाही, आणि तू ते पुरवतेस? लबाडाला मदतनीस ठेवावा तशी उभी राहतेस दारात! तुझी ही खोड आजची नाही. मला बघायला आले होते तेव्हाही तू हेच केलंस. तो माणूस म्हणाला, ‘मला तुमची…’ आणि अडला. तू लगेच म्हणालीस, ‘बहीण आवडली.’ बिचाऱ्याला कदाचित खुर्ची आवडली असेल! जन्मभर गळ्यात पडला माझ्या.”

“भावजी चांगले होते, ताई.”

“होतेच. पण विचारायला नको होतं का मला? ऐक आता. तो समोरचा गप्प झाला, की तूही गप्प बसायचं.”

“पण अडलेल्या माणसाला तसं उभं ठेवायचं म्हणजे…”

“ठेवायचं! रंगमंच आहे का तो? जिना आहे. कुणी तिकीट काढून बसलेलं नाही. अडू दे, घाम फुटू दे. आणि तुझ्याच्याने राहवत नसेल तर तोंडात काहीतरी धर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी खरंच तोंडात लवंग धरून निघाली.

“अहो, पुन्हा आणलंत?” दंतवैद्यबाई म्हणाल्या. “काल बोललो ना आपण. हे आमच्या…”

आणि थांबल्या. सवयीने थांबल्या, माणूस पायरी असणारच म्हणून पाय टाकतो तशा. पण पायरी नव्हती.

ज्याने कधी रंगमंचावर अशी शांतता ऐकलेली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. कानात रक्त वाजतं. आत कुठेतरी फ्रीज घरघरत होता. मावशीच्या जिभेवर ‘लग्नातलं’ हा शब्द निखाऱ्यासारखा होता. तिने लवंग दाताखाली फोडली. डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ उघडले नाहीत.

“हे आमच्या… म्हणजे मला…” दंतवैद्यबाईंनी छताच्या एका कोपऱ्यात पाहिलं, मग दुसऱ्या. दोन्हीकडे काही नव्हतं. “मला केक येतच नाही हो,” त्या एकदम म्हणाल्या. “कधीच आला नाही. ते यंत्र समोर असलं की उगाच वाटत राहतं, की…” पुन्हा वाट पाहिली. मावशी लवंग चावत होती. “द्या इकडे,” बाईंनी यंत्र जवळजवळ हिसकावून घेतलं. “आणि चाळणी?”

मावशीने पिशवीतून चाळणी काढून वर ठेवली.

वकिलांकडे वेळच लागला नाही. “ही वस्तू आता…” म्हणून ते थांबले, तसा आतून बायकोचा आवाज आला, “आपलीच आहे. आत घ्या, आणि दार लावा, माश्या येतात.” सूनबाईने फूड प्रोसेसर पाहून आधी मान वळवली, मग “मावशी, तुम्ही रागावलात का?” असं विचारलं. मावशीने यालाही उत्तर दिलं नाही, कारण लवंगेने तिचं अर्धं तोंड बधिर झालं होतं. तो बधिरपणा समोरच्यांना निश्चय वाटत होता. जिन्यात बोलणी सुरू झाली. “मावशी बदलल्या हो.” “वय झालं की माणूस आप्पलपोटा होतो.” “साधं एक पातेलं ठेवलं होतं, त्याचं केवढं!” ज्यांनी वर्षानुवर्षं आपला कचरा तिच्या ताटाशेजारी आणून ठेवला, ते आता ती किती कोत्या मनाची आहे, यावर एकमताने मान हलवत होते. घटस्फोटवाल्या गृहस्थाने तेवढा डिनर सेट मुकाट्याने घेतला आणि प्रत्येक बशी कागदात गुंडाळताना मावशीला मदत केली. त्याला म्हणायचं काहीच नव्हतं, त्यामुळे तो अडलाही नाही.

आणि मग मावशीने जे पाहिलं ते ती विसरणं शक्य नव्हतं. शनिवारी इमारतीच्या फाटकापाशी भंगारवाल्याची गाडी उभी होती आणि तिच्यात टोस्टर होते, पेले होते, सूपचं पातेलं होतं, आणि सगळ्यांत वर केक फेटायचं यंत्र पाय वर करून पडलं होतं. ज्या आठवणी टाकताना यांचं काळीज तुटणार होतं, त्या दोन दिवसांत भंगारात गेल्या. कुणाचं काळीज तुटल्याचा आवाज आला नाही. दंतवैद्यबाई तर गाडीवाल्याला वरून ओरडून सांगत होत्या, “झाकण राहिलं, थांबा!” टाकता येत नव्हतं ते वस्तूंपायी नव्हे. फुकटची अडगळीची खोली होती, म्हणून टाकायची घाई नव्हती.

मावशीने खिडकी पुसली. समोरच्या सुताराने जुनी पण भक्कम खाट आणून भिंतीला लावून दिली. ऊन गादीवर पडेल अशी.

रविवारी भाचा आला. थोरलीला दारातून आत आणताना त्याचा एक हात तिच्या पाठीमागे होता, न टेकवलेला, पण तयार. वाईट मुलगा नव्हता तो. थकलेला होता. त्याने स्वयंपाकघर पाहिलं, खाट हलवून पाहिली, खिडकीची कडी लावून पाहिली, शेगडीपासून अंतर पाहिलं. न्हाणीघरात जाऊन फरशी पायाने घासून पाहिली. खोट काढायला आलेल्या माणसाला खोट मिळाली नाही की त्याचा चेहरा कसा होतो, तसा त्याचा झाला.

“जागा आहे मावशी. छान आहे,” तो म्हणाला. “पण आईला इथे… म्हणजे तू एकटी, तुझंही वय… तिथे निदान…”

आणि त्याने अर्धा श्वास घेतला.

मावशीला पुढचं वाक्य येत होतं. ‘तिथे निदान डॉक्टर असतात.’ साधं, सभ्य, बिनतोड वाक्य. ते एकदा बोललं गेलं की थोरलीला उत्तर नव्हतं, कुणालाच नसतं. गाडी दारात उभी होती. भाच्याची नजर छताकडे गेली, आणि मावशीला तो शाळेच्या स्टेजवर दिसला. खाकी चड्डीतला, कविता विसरलेला, असाच वर बघणारा. त्या वेळी पडद्यामागून तिनेच त्याला ओळ दिली होती, आणि त्याने वळून तिच्याकडे असं पाहिलं होतं, की ती अख्खं पुस्तक वाचून दाखवायला तयार झाली असती. जगातल्या कुठल्याही नटाला तिने आनंदाने बुडू दिलं असतं, या एका पोराला सोडून.

आज लवंग नव्हती. मावशीने दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली.

थोरली वॉकरवर रेलून उभी होती. तीही गप्प. सगळ्या जन्मात ती एवढा वेळ गप्प राहिली नसेल.

“तिथे निदान…” भाच्याने पुन्हा सुरुवात केली. घसा खाकरला. मावशीकडे पाहिलं, अगदी त्या स्टेजवरून पाहिलं होतं तसं. काहीच आलं नाही. त्याचे खांदे खाली आले. “तिथे निदान मला रोज तिचं ओरडणं ऐकावं लागलं नसतं,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला.

“ते तुला इथेही ऐकावं लागणार नाही,” थोरली म्हणाली. “हिला ऐकावं लागेल. जा, बॅग आण. आणि निळी उशी मागच्या सीटवर आहे, ती विसरू नकोस. विसरशीलच.”

तो बाहेर गेला, आणि गाडीपाशी बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. परत आला तेव्हा बॅग होती, उशी होती, आणि डोळे धुतल्यासारखे लाल होते. औषधं कुठली कधी, ते त्याने दोनदा समजावलं. निघताना थोरलीने त्याचा कान धरून डोकं खाली ओढलं आणि केसांवरून हात फिरवला. “रोज फोन नको. पण रविवारी ये. ओरडायला माणूस लागतं मला.”

गाडी गेली. थोरली खाटेवर आडवी झाली आणि लगेच सुरू झाली. गादी कडक आहे, खिडकी मोठी आहे की भोक, तुझं सूप मी खाणार नाही, मला माझं करता येईल, स्टूल आण उद्या. धुलाईच्या दुकानात पोरींना कामाला लावायची तशी ती मावशीला बसल्या जागी कामाला लावत होती. मावशी कांदा चिरत होती, ओट्यावर, उभी राहून, हात लांब करून. किती वर्षांनी.

दुपार कलली तसा थोरलीचा आवाज उतरत गेला. उन्हाने की प्रवासाने, कोण जाणे. मावशीने चिरलेला कांदा शेगडीवर परतायला टाकला आणि उरलेला चिरायला घेतला. थोरलीने भिंतीकडे तोंड केलं.

“धाकटे.”

“काय गं?”

“ती हिरव्या भिंतींची जागा. मी त्याला दाखवलं नाही, पण मला तिथे जायची इतकी…”

अर्धा श्वास. तिथेच अडकलेला.

मावशीला तो शब्द येत होता. थोरलीने हा शब्द स्वतःबद्दल जन्मात कधी वापरला नव्हता. आई गेली तेव्हा नाही, दुकान बुडालं तेव्हा नाही, हाड मोडून फरशीवर एकटी पडली होती तेव्हाही नाही. मावशीने सुरी खाली ठेवली, हात पुसले, आणि पायाशी पडलेली चादर थोरलीच्या खांद्यापर्यंत ओढली. मग तिथेच, खाटेच्या कडेला बसून राहिली.

बऱ्याच वेळाने थोरलीने राहिलेला अर्धा श्वास सोडला.

“कांदा जळतोय तुझा,” ती म्हणाली.